वीस खून, एक जन्मठेप: बेहमईचा खटला ४३ वर्षे का चालला

१४ फेब्रुवारी १९८१ रोजी उत्तर प्रदेशात, यमुनेच्या बीहडातल्या (खोल घळींच्या रानातल्या) बेहमई नावाच्या खेड्यात वीस पुरुषांना एका जागी गोळा करून गोळ्या घालण्यात आल्या. त्या खटल्याचा निकाल कानपूर देहातच्या विशेष न्यायालयाने त्याच तारखेला, पण बरोबर ४३ वर्षांनी, १४ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला. मूळ प्रकरणात तीसहून अधिक आरोपी होते. निकालाच्या दिवशी न्यायालयासमोर दोनच उरले होते. त्यांतल्या ऐंशीच्या घरातल्या एकाला जन्मठेप झाली आणि दुसरा पुराव्याअभावी सुटला. ज्या नावाने हे हत्याकांड देशाला माहीत आहे, ती फूलन देवी तर २००१ सालीच मारली गेली होती.

निकालाच्या संध्याकाळी पुण्याहून मावसबहिणीचा फोन आला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारी मराठी माणसे. त्यामुळे चंबळचे काहीही बातम्यांत आले की महाराष्ट्रातले नातेवाईक ते आमच्या अंगणातच घडले असे धरून चालतात. “काय रे दादा, त्रेचाळीस वर्षे तुमची कोर्टे झोपली होती का?” असे तिने विचारले. मी वकिली करतो, तरी फोनवर मला नीट उत्तर देता आले नाही, कारण ‘कोर्टे झोपली होती’ हे उत्तर सोयीचे असले तरी अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे येथे सावकाश मांडतो.

आधी घटना, थोडक्यात. फूलन देवी जालौन जिल्ह्यातल्या एका गरीब मल्लाह, म्हणजे नावाडी जातीच्या, कुटुंबातली. अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न तिच्याहून कितीतरी मोठ्या माणसाशी लावून दिले गेले. पुढे ती बीहडातल्या टोळीत ओढली गेली. टोळीचा म्होरक्या विक्रम मल्लाह १९८० मध्ये मारला गेला. त्याला मारणारे श्रीराम आणि लालाराम हे ठाकूर भाऊ एकेकाळी त्याच टोळीतले होते. त्यानंतर फूलनला बेहमईत कोंडून ठेवून तिच्यावर अनेकांनी बलात्कार केला. काही महिन्यांनी ती नवी टोळी घेऊन त्या भावांच्या शोधात बेहमईत आली. ते सापडले नाहीत आणि गावातले जे पुरुष हाती लागले, ते मारले गेले. मेलेल्यांत बहुतेक ठाकूर होते. आपण स्वतः गोळी झाडली नाही, असे फूलन शेवटपर्यंत म्हणत राहिली. तिच्यावर झालेला अत्याचार खरा आणि बेहमईतल्या वीस घरांवरचा घालाही खरा. यांतले एक सांगून दुसरे झाकायची सवय दोन्ही बाजूंना आहे आणि त्या सवयीने या खटल्याची चर्चा आजवर नासवली आहे.

आता ग्वाल्हेरचा संबंध. आमच्या भागात ‘डाकू’ हा शब्द पोलीस आणि वर्तमानपत्रे वापरतात. गावात म्हणतात ‘बागी’, म्हणजे बंडखोर. हा शब्दांचा खेळ नव्हे. डाकू पकडायचा असतो, बागीशी मात्र बोलणी करता येतात, आणि चंबळमध्ये शासनाने दोन्ही केले. १९६० मध्ये विनोबांच्या भिंड-मुरैना पदयात्रेत वीसेक बागींनी शस्त्रे ठेवली. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने जौऱ्याच्या गांधी सेवा आश्रमात मोहर सिंह, माधो सिंह यांच्यासारखे नामांकित म्होरके शरण आले. त्यांतल्या अनेकांनी मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात शिक्षा भोगली. शरणागतीची ही रीत पडून गेली होती आणि फूलन त्याच वाटेने आली. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी भिंडमध्ये हजारोंच्या गर्दीसमोर, मुख्यमंत्री अर्जुन सिंह यांच्या उपस्थितीत, तिने गांधीजी आणि दुर्गा यांच्या तसबिरींपुढे बंदूक ठेवली. भिंड ग्वाल्हेरहून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे. उत्तर प्रदेशच्या पोलिसांवर तिचा भरवसा नव्हता, म्हणून ती मध्य प्रदेशात शरण आली. फाशी होणार नाही आणि टोळीतल्या कोणाला आठ वर्षांहून अधिक तुरुंगवास होणार नाही, अशा तिच्या अटी होत्या.

पहिली गाठ इथे बसली. एखाद्या राज्याचा मुख्यमंत्री आपल्या पोलिसांच्या वतीने शब्द देऊ शकतो, न्यायालयाच्या वतीने देऊ शकत नाही. शरणागती म्हणजे माफी नव्हे. तो अटकेचा एक शांत प्रकार आहे, इतकेच. शिवाय गुन्ह्याचा खटला जिथे गुन्हा घडला तिथल्या न्यायालयात चालतो. गुन्हा यमुनेकाठी, उत्तर प्रदेशात; आरोपी ग्वाल्हेरच्या मध्यवर्ती तुरुंगात, मध्य प्रदेशात. कानपूरच्या न्यायालयाला आरोपी समोर हवा असेल तर त्याने हजर करण्याचे वॉरंट काढायचे, इथल्या तुरुंगाने बंदोबस्तात पाठवायचे, आणि ‘उत्तर प्रदेशच्या हवाली करणार नाही’ या समजुतीवर शरण आलेल्या माणसाला तिकडेच नेणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे. कोणत्याच सरकारला हा निखारा हातात घ्यायचा नव्हता.

परिणाम असा झाला की फूलन अकरा वर्षे तुरुंगात राहिली ती बहुतेक ग्वाल्हेरला आणि नंतर दिल्लीच्या तिहारमध्ये, आणि ही सगळी वर्षे ती कच्ची कैदीच राहिली. मराठीतला ‘कच्चा कैदी’ हा शब्द मला फार नेमका वाटतो: तुरुंगात आहे, पण अजून भाजून पक्का झालेला नाही. अटीत मागितलेली कमाल शिक्षा आठ वर्षांची होती आणि शिक्षा न होताच तिने त्याहून तीन वर्षे जास्त काढली. माझ्या लहानपणी बहोडापूरकडे जाताना तुरुंगाची भिंत दिसली की आई हळूच म्हणे, “इथे ती आहे.” नाव घेत नसे. घराघरांत तिच्याविषयी भीती होती की कौतुक, हे मला तेव्हा कळले नाही. बहुधा दोन्ही असावे.

१९९४ मध्ये मुलायम सिंह यांच्या सरकारने तिच्यावरचे खटले मागे घेण्याचे ठरवले आणि ती बाहेर आली. खटला मागे घेणे याचा अर्थ लोक ‘सरकारने सोडून दिले’ असा करतात. कायद्यात तसे नाही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ नुसार अर्ज सरकारी वकिलाने करायचा असतो आणि न्यायालयाची संमती लागते. ती संमती मिळाली तरी ती त्या आरोपीपुरती असते, घटनेपुरती नाही. बेहमईची फाइल त्यानंतरही उघडीच राहिली. फूलन मात्र १९९६ मध्ये मिर्झापूरहून खासदार झाली आणि २५ जुलै २००१ रोजी दिल्लीत तिच्या घरासमोर तिला गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी शेर सिंह राणा याने बेहमईचा सूड घेतल्याचे सांगितले. त्याला २०१४ मध्ये जन्मठेप झाली. म्हणजे बेहमईच्या खटल्यातल्या प्रमुख आरोपीच्या खुनाचा खटला उभा राहिला, चालला आणि संपला, तरी मूळ खटला चालूच होता.

असे का व्हावे, याचे उत्तर एका साध्या नियमात आहे. तो नियम मी नव्या कनिष्ठ वकिलांना पहिल्या आठवड्यातच सांगतो: फौजदारी खटला घटनेवर चालत नाही, माणसावर चालतो. बेहमईत काय घडले याची चौकशी न्यायालय करीत नाही. या माणसाने, या दिवशी, हे कृत्य केले की नाही, एवढेच ते ठरवते. म्हणून तो माणूस समोर असावा लागतो. साक्ष त्याच्या हजेरीत नोंदवावी लागते, उलटतपासणीची संधी त्याला द्यावी लागते. चौकशी आयोगाला वीस मृत्यूंचा अहवाल एका वर्षात देता येतो; न्यायालयाला पस्तीस आरोपींच्या बाबतीत पस्तीस उत्तरे द्यावी लागतात.

आता पस्तीस माणसांची टोळी डोळ्यांसमोर आणा. काही चकमकीत मेले. काही वेगवेगळ्या राज्यांच्या तुरुंगांत. काही जामिनावर सुटून बेपत्ता. एकाची हजेरी लागते तेव्हा दुसरा नसतो. आमच्याकडच्या न्यायालयात तारखेला ‘पेशी’ म्हणतात आणि पक्षकार विचारतात, “पेशी पडली का, साहेब?” अशा अनेक आरोपींच्या प्रकरणात ती पडतच राहते. अनुपस्थित आरोपीला फरारी घोषित करून त्याची मालमत्ता जप्त करता येते. कलम २९९ खाली त्याच्या गैरहजेरीत साक्षी नोंदवून ठेवता येतात, म्हणजे पुढे साक्षीदार मेला तरी ती साक्ष वापरता येते. आणि हजर आहेत त्यांचा खटला वेगळा काढून पुढे नेता येतो. वाटा कायद्यात होत्या. तरीही बेहमईत दोषारोप निश्चित होण्यासाठी २०१२ साल उजाडले, म्हणजे खटला खऱ्या अर्थाने सुरू व्हायलाच ३१ वर्षे लागली. मावसबहिणीचे अर्धे उत्तर खरे आहे ते इथे: उपलब्ध वाटा वेळेत धरल्या गेल्या नाहीत, आणि माझ्या मते त्याचे कारण आळसापेक्षा भीतीचे होते. या खटल्यात हात घातला की एक जात दुखावणार, हे प्रत्येक सरकारला ठाऊक होते.

मधल्या काळात आरोपी एकेक करून वारले. आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. तो निर्दोष ठरत नाही आणि दोषीही ठरत नाही; न्यायालय मृत्यूचा दाखला मिसलीला, म्हणजे खटल्याच्या फाइलला, जोडते आणि पुढे जाते. कायद्याच्या नजरेने फूलन बेहमईच्या बाबतीत आजही दोन्हींपैकी काही नाही.

वाचकांना नेहमी पडणारा दुसरा प्रश्न असा की, कोणाची गोळी कोणाला लागली हे कसे सिद्ध करतात. उत्तर: बहुतेक वेळा सिद्ध करावेच लागत नाही. तेव्हाच्या भारतीय दंडविधानाच्या कलम ३९१ नुसार पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. आणि कलम ३९६ म्हणते की दरोडा घालताना त्यांतल्या एकाने जरी खून केला, तरी सगळ्यांना फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. दरोडा नसेल तर बेकायदा जमावाचे कलम १४९ किंवा समान इराद्याचे कलम ३४ आहेच. थोडक्यात, बंदूक कोणाची हे गौण. तू टोळीत होतास का, हा प्रश्न. पण तेवढा एकच प्रश्न ४३ वर्षांनी सिद्ध करणे किती अवघड, याचा विचार करा.

त्यासाठी ओळख लागते. अटक झाल्यावर आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या अनोळखी माणसांत उभे करून साक्षीदाराकडून ओळखून घेतात, ती ओळख परेड. ही परेड स्वतः पुरावा नसते, तिचा फक्त आधार मिळतो. खरा पुरावा म्हणजे साक्षीदाराने न्यायालयात आरोपीकडे बोट दाखवणे. आता साक्षीदार तिशीत असताना विशीतल्या ज्या माणसाला त्याने धुरळ्यात, आरडाओरड्यात, जीव मुठीत धरून पाहिले, त्यालाच सत्तरी ओलांडल्यावर न्यायालयात ओळखायचे आहे. समोरचा माणूस आता दात पडलेला, पाठ वाकलेला आजोबा आहे. मी स्वतः एका बऱ्याच साध्या, अकरा वर्षे जुन्या मारामारीच्या प्रकरणात साक्षीदाराला आरोपीऐवजी शेजारी बसलेल्या कोतवालाकडे बोट दाखवताना पाहिले आहे. न्यायालयात हशा झाला, पण फिर्यादीचे घर त्या हशात बुडाले. बेहमईत एकाला शिक्षा आणि एकाची सुटका झाली, यात म्हणून मला विसंगती दिसत नाही. घटना तीच, टोळी तीच, पण माणसागणिक पुरावा वेगळा, आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.

जानेवारी २०२० मध्ये हा निकाल लागणार होता, तारीखही ठरली होती, आणि नेमक्या त्या वेळी मूळ केस डायरी न्यायालयाच्या दफ्तरात सापडेना. देशभर त्याची चेष्टा झाली. केस डायरी म्हणजे तपास अधिकाऱ्याची रोजनिशी: कुठे गेलो, कोणाला भेटलो, काय मिळाले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७२ नुसार न्यायालय ती मागवून वाचू शकते, पण ती पुरावा म्हणून वापरू शकत नाही. मग ती हरवली तर काय बिघडले? बिघडते ते असे की साक्षीदाराचा आजचा जबाब आणि त्या दिवशी पोलिसांनी लिहिलेले, यांचा मेळ न्यायाधीशाला घालून पाहता येत नाही.

दफ्तर हरवते कसे, हे ज्याने जुने रेकॉर्ड रूम पाहिले आहे त्याला विचारू नये. आमच्या पणजोबांनी शिंदे सरकारच्या दफ्तरात नोकरी केली. तेव्हा कागद कापडात बांधत आणि त्याला ‘रुमाल’ म्हणत. आज आम्ही त्याला ‘बस्ता’ म्हणतो. कापड तेच, गाठ तीच. लाल कापड चार ठिकाणी विरलेले, वर शाईने लिहिलेला प्रकरण क्रमांक पावसाने पसरलेला, आत पिवळे कागद ज्यांच्या घड्यांवर वाळवीने नक्षी काढली आहे. खटला एका न्यायालयातून दुसऱ्याकडे वर्ग झाला, जिल्ह्याची फेररचना झाली, की बस्ता बैलगाडीतल्या धान्यासारखा इकडून तिकडे जातो आणि प्रत्येक वेळी थोडा सांडतो.

शिक्षेविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. वीस माणसे मारली तरी फाशी नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. १९८० च्या बच्चन सिंह निवाड्यानंतर फाशी फक्त ‘विरळातल्या विरळ’ प्रकरणात देता येते आणि तिथे गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही तोलावा लागतो. संख्येने फाशी आपोआप येत नाही, पण संख्या महत्त्वाची नाही असेही नाही: पंजाबातल्या मच्छी सिंह प्रकरणात एकाच रात्री अनेक गावांत मिळून सतरा जण मारले गेले होते आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली. ते खटले मात्र थोड्याच वर्षांत संपले होते. चार दशकांनी, टोळीतला सुटा राहिलेला एक म्हातारा समोर उभा असताना, तोच तराजू वेगळा झुकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जन्मठेप १४ वर्षांची असते हा गैरसमज. तो इतका पक्का आहे की शिकलेली माणसेही ‘चौदा वर्षांची जन्मठेप’ म्हणतात. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच ते स्पष्ट केले आहे. १४ हा आकडा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३अ मधून येतो आणि तो वरची मर्यादा नसून खालची आहे: खुनासारख्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला राज्य सरकार सूट देऊन सोडू इच्छित असेल, तरी त्याने किमान १४ वर्षे प्रत्यक्ष भोगलेली असली पाहिजेत. सोडलेच पाहिजे असे त्यात कोठेही नाही.

असाही प्रश्न येतो की इतक्या उशिरा चालवलेला खटला मुळात रद्द का होत नाही. खुनाला मुदतीचा कायदा लागू नाही. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच तो लागू होतो. जलद सुनावणीचा हक्क मूलभूत आहे खरा, पण अंतुले प्रकरणात १९९१ मध्ये आणि पुन्हा दुसऱ्या एका प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अमुक वर्षांनी खटला बंद, अशी सरसकट रेघ मारता येणार नाही. उशीर कोणामुळे झाला, हे पाहावे लागते. बेहमईत तो जसा शासनामुळे झाला तसा फरार आरोपींमुळेही झाला. पळून जाणाऱ्यालाच उशिराचा लाभ द्यायचा तर मग सगळेच पळतील.

१ जुलै २०२४ पासून, म्हणजे बेहमईच्या निकालानंतर साडेचार महिन्यांनी, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ३५६ प्रमाणे शिक्षा टाळण्यासाठी पळालेल्या घोषित फरारी आरोपीचा खटला, दोषारोपानंतर ९० दिवस थांबून, त्याच्या गैरहजेरीत चालवता येतो आणि निकालही देता येतो. ‘खटला माणसावर चालतो’ या माझ्या नियमाला पडलेले हे पहिले मोठे छिद्र. बेहमईसाठी ते उपयोगी पडले असते. जिथे गरीब आरोपीला समन्स पोचलेच नाही तिथे ते कसे वापरले जाईल, याची मला वकील म्हणून धास्तीही वाटते.

मावसबहिणीने दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून विचारले की आता तरी संपले ना. तांत्रिकदृष्ट्या नाही. शिक्षा झालेल्या माणसाला अलाहाबाद उच्च न्यायालयात अपिलाचा हक्क आहे. अपील चालू असताना अपीलकर्ता वारला तर जुन्या संहितेच्या कलम ३९४ प्रमाणे अपील संपते. मात्र त्याच्या जवळच्या नातेवाइकाने ३० दिवसांच्या आत परवानगी मागितली तर ते त्याच्या माघारीही पुढे चालवता येते.